तवक्कुल आणि परगावची उमेदवारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी मला ‘तवक्कुल’ ह्या विषयावर बोलण्यास सांगितले तेव्हा मी प्रथम नकार दिला. व्यासपीठावर मौलानासाहेब असताना निवृत्त विज्ञानशिक्षकाने अशा विषयास हात घालावा हे मला बरे वाटेना. तेव्हा मौलानासाहेबच म्हणाले, “मास्तर, किताबातले मी सांगीन. तुमच्या घरी उन्हाळ्यात जे घडले ते तुम्ही सांगा.” म्हणून उभा आहे. जे सांगणार आहे त्यात माझी फारशी शोभा नाही, हे आधीच कबूल करतो.

माझी नात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात होती. विषय विद्युत अभियांत्रिकी. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, कुवेतला असतो. त्यामुळे घरातील कागदपत्रे, फी, दवाखाना हे सर्व ह्या म्हाताऱ्याकडे. ह्या अभ्यासक्रमात उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे एखाद्या कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष काम शिकावे लागते. त्यास हल्ली इंटर्नशिप म्हणतात. सभागृहातील वडीलधाऱ्यांसाठी सांगतो, आपल्या वेळचा शब्द ‘उमेदवारी’ हा होता, आणि मला तो अधिक आवडतो, कारण त्यात उमेद आहे. तथापि एक फरक ध्यानात ठेवावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली जो उमेदवार लागतो त्याला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक असते. सुट्टीतील इंटर्नशिपला तसे बंधन नाही. पुष्कळ ठिकाणी एक पैसाही मिळत नाही; राहणे, जेवणे, बसभाडे सगळे आपले. गावातून शहरात जाणाऱ्या मुलाच्या घरावर ह्याचा किती बोजा पडतो, ते शहरातल्यांना सहसा कळत नाही.

डिसेंबरातच तिच्या शिक्षकांनी वर्गात सांगितले होते की, जागा आपापली शोधा, आम्ही पत्र देऊ. नात घरी येऊन मला म्हणाली, “दादा, पुण्यात तुमची ओळख आहे ना? विचाराल का?” मी म्हणालो, “अल्लाह मालिक आहे, बेटा. होईल.” जानेवारीत तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो. फेब्रुवारीतही तेच. हे शब्द उच्चारताना मला फार समाधान वाटत असे. आपण देवभोळे आहोत, पोरीला ईमान शिकवीत आहोत असे वाटे. खरी गोष्ट अशी की, पुण्यातील माझ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचा मला संकोच होता. सात-आठ वर्षांत मी त्यांची विचारपूस केली नव्हती, आणि आता काम पडले म्हणून कसा फोन करू? हा माझा संकोच मी अल्लाहच्या नावाखाली झाकून ठेवला होता.

आणि दुसरेही एक होते. त्याच फेब्रुवारीत, २०२५ साली, पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या एस.टी.त एका तरुणीवर अत्याचार झाल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. आमच्या मोहल्ल्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मनातून मला वाटत होते की, जागा मिळालीच नाही तर बरे. हेही मी कोणाला बोललो नाही.

नात मात्र बसून नव्हती. एआयसीटीईचे इंटर्नशिप पोर्टल आहे, तेथे तिने नाव नोंदवले. कारखान्यांचे पत्ते काढून बावीस अर्ज पाठवले. बहुतेकांचे उत्तरच आले नाही. एप्रिलमध्ये एका गृहस्थांचा फोन आला. पुण्यातील एका कारखान्यात जागा नक्की करून देतो, पाच हजार रुपये आज पाठवा, उद्या जागा जाईल. मी लगेच तयार झालो! मला वाटले, पाहा, अल्लाहने घरबसल्या दरवाजा उघडला. पैसे पाठविण्यासाठी मी शेजारच्या पोराला हाकही मारली. तेवढ्यात नात म्हणाली, “दादा, काम करणार मी, मग पैसे त्यांना आपण का द्यायचे? आधी कारखान्यातच विचारू या.” तिने कारखान्याचा नंबर शोधून फोन लावला. ह्या नावाचा कोणी माणूस आमच्याकडे नाही, आणि आम्ही शिकाऊ मुलांकडून पैसे घेत नाही, असे उत्तर मिळाले.

त्या रात्री जेवताना ती अगदी सहज म्हणाली, “दादा, मदरशात आम्हांला ती उंटाची हदीस तुम्हीच समजावून सांगितली होती.” पुढे ती काही बोलली नाही, मुकाट्याने जेवली. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना.

ती हदीस येथे लहान मुलांनाही ठाऊक आहे. तिरमिजीमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आली आहे. एका माणसाने पैगंबरसाहेबांना (स.) विचारले की, उंट बांधून भरोसा ठेवू, की मोकळा सोडून भरोसा ठेवू? उत्तर मिळाले की, आधी बांध, मग भरोसा ठेव. आपण सगळे ही हदीस सांगतो आणि पुढे जातो. मी चाळीस वर्षे सांगितली. परंतु माझ्या अंगणात उंट मोकळा हिंडत होता आणि दोर माझ्याच खांद्यावर होता.

बुखारीमध्ये आणखी एक हकीकत आहे, ती फारशी सांगितली जात नाही. यमनचे काही लोक हजला निघत ते शिधा न घेता निघत, आणि म्हणत की आम्ही तवक्कुल करणारे लोक आहोत. मक्केत पोचल्यावर मात्र लोकांपुढे हात पसरीत. तेव्हा प्रवासाचा शिधा बरोबर घ्या, असा हुकूम कुरआन शरीफमध्ये उतरला, असे इब्ने अब्बास (रजि.) सांगतात. म्हणजे पाहा, हजसारखी पाक सफर, तिलाही शिधोरी लागते. मग भोसरीच्या एम.आय.डी.सी.ला जाणाऱ्या मुलीला नको काय?

मित्रहो, हिजरतीची हकीकत आपण दर मोहरममध्ये ऐकतो. परंतु ती बंदोबस्ताच्या दृष्टीने एकदा ऐकावी अशी माझी विनंती आहे. इसवी सन ६२२. मक्केहून मदिनेला जावयाचे. हजरत अबूबक्र (रजि.) यांनी दोन उंटिणी चार महिने आधीपासून घरी बांधून चारा घालून तयार ठेवल्या होत्या. चार महिने! पैगंबरसाहेबांनी त्यांतील एक घेतली ती किंमत ठरवूनच, फुकट नव्हे. मदिना उत्तरेस, पण आसरा घेतला तो दक्षिणेकडील सौर डोंगराच्या गुहेत, कारण पाठलाग करणारे आधी उत्तरेकडे धावणार. तेथे तीन रात्री मुक्काम. अबूबक्र यांचा तरुण मुलगा अब्दुल्लाह दिवसा कुरैशांत वावरे, त्यांचे बेत ऐके, आणि रात्री गुहेत येऊन सांगे. आमिर बिन फुहैरा बकऱ्या चारीत तिकडे नेई. त्यामुळे दूधही मिळे आणि पावलांचे ठसेही पुसत. हजरत अस्मा (रजि.) यांनी शिदोरी बांधली. बांधायला दोरी नव्हती तर त्यांनी आपला कमरपट्टा फाडून दोन केला. आणि वाटाड्या? वाटाड्या नेमला तो अब्दुल्लाह बिन उरैकित, जो त्या वेळी मुसलमानदेखील नव्हता. परंतु तो वाट जाणणारा होता आणि इमानदार होता. उंटिणी त्याच्या हवाली करून तीन रात्रींनंतर गुहेपाशी येण्याचा वायदा केला होता, आणि तो ठरल्या वेळी आला. नेहमीची वाट सोडून त्याने समुद्राच्या बाजूची वाट धरली.

वाहन, मार्ग, मुक्काम, खबर, अन्न, वाटाड्या. माणसाच्या हातात जेवढे होते त्यातले काय राहिले? आणि इतके करूनही शोधणारे गुहेच्या तोंडाशी येऊन उभे राहिलेच. तेथे अबूबक्र यांना चिंता वाटली, आणि त्यांना दिलासा मिळाला की, आपण दोघेच नाही, अल्लाह आपल्यासोबत आहे. हा दिलासा त्या क्षणी देण्यात आला, उंटिणी विकत घेताना नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या सहकाऱ्यांना फोन केला. ते गणिताचे शिक्षक. आम्ही अठरा वर्षे एका शाळेत काढली. ब्राह्मण गृहस्थ, निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्यास गेले. मी चाचरत बोलू लागलो तर ते म्हणाले, “अहो, आठ वर्षांनी फोन केलात आणि आता प्रस्तावना कसली करता? पोरगी केव्हा येतेय ते सांगा.” मला त्या वेळी उरैकितची आठवण झाली. हे मी त्यांना नंतर सांगितले. ते खूप हसले, आणि म्हणाले, उंटिणी मात्र तुम्हीच आणा.

आता तयारीविषयी थोडे तपशिलाने सांगतो, कारण येथे पुढील उन्हाळ्यात जाणारी मुले-मुली बसली आहेत. कॉलेजचे पत्र कारखान्याच्या नावाने लागते, ‘ज्यांचा त्यांस’ असे चालत नाही. रोजनिशी लागते, तिच्यावर दर आठवड्यास कारखान्यातील साहेबांची सही घ्यावी. शेवटच्या दिवशी सहा आठवड्यांच्या सह्या मागू नयेत. आधार कार्ड, फोटो, कॉलेजचे ओळखपत्र, आणि विजेचे काम असेल तर जाड तळव्याचे सेफ्टी बूट. बूट घरून नेलेले बरे. आमच्या नातीने नवे कोरे बूट पहिल्या दिवशी घातले आणि तीन दिवस लंगडत होती. राहण्याची जागा कारखान्यापासून एका बसच्या अंतरावर असावी. दोन बस बदलाव्या लागल्या तर संध्याकाळी अंधार होतो.

आणि नमाजचे विचारून ठेवावे. आमच्याकडून हे राहून गेले. पहिले दोन दिवस ती जेवणाच्या सुट्टीत जोहर कोठे अदा करावी ह्या विवंचनेत जेवलीच नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून साहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी स्टोअरमधील एक कोपरा लगेच झाडून दिला. पहिल्याच दिवशी विचारले असते तर पहिल्याच दिवशी मिळाला असता. आणखी एक लहानशी गोष्ट. आपण कोकणातील बहुतेक शाफई, पुण्यातील बहुतेक मशिदी हनफी. त्यांची असरची अजान आपल्या वेळेनंतर बऱ्याच उशिरा होते. ती बिचारी अजानची वाट पाहत बसे. तसेच सहा आठवडे परगावी म्हणून कसर करायची काय, असे तिने विचारले. मौलानासाहेबांनी सांगितले की, पोचण्याचा व निघण्याचा दिवस सोडून चार दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा असेल तर आपल्या मजहबात मुक्कामीच समजावे, नमाज पूर्ण करावी. मुलीने प्रवास कसा करावा हेही त्यांनाच विचारले, आणि पोचवायला व आणायला मी स्वतः जायचे असे ठरले.

ह्या सगळ्या गडबडीत तिने इस्तिखारा केला. दोन रकात नमाज आणि ती दुआ, जी हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीप्रमाणे पैगंबरसाहेब सहाबांना कुरआनच्या सूरेसारखी शिकवीत असत. लगेच दुसऱ्या दिवशी शेजारच्या फुफी विचारायला आल्या, “स्वप्न पडले काय? हिरवे दिसले की लाल?” आपल्याकडे इस्तिखाऱ्याचे असे शकुन करून टाकले आहे. त्या दुआत स्वप्नाचा उल्लेखही नाही. तिच्यात एवढेच मागणे आहे की, हे काम माझ्या दीन-दुनियेसाठी भले असेल तर सोपे कर, आणि नसेल तर मला त्यापासून आणि त्याला माझ्यापासून दूर कर, आणि जेथे भले असेल ते दे, व त्यावर मला राजी कर. शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे. आम्हांला तो लवकरच कळला.

मेच्या सुरुवातीस चाकणकडील एका मोठ्या कारखान्याचे होकाराचे पत्र आले. घरात आनंद झाला. तिच्या दादीने मोहल्ल्यात साखर वाटली. २० मे रोजी, निघायला पाच दिवस उरले असताना, त्यांचाच संदेश आला की काही कारणाने ह्या वर्षी मुले घेता येत नाहीत. पोरगी रडत म्हणाली, “दादा, मी इस्तिखारा केला होता ना!” मी तिला काय सांगणार? मी म्हणालो, बेटा, दूर कर असेही तूच मागितले होतेस. परंतु हे बोलताना माझाही आवाज लागत नव्हता.

गणिताच्या शिक्षकांनी तीन दिवस भोसरीत उन्हात फिरून एक लहान वर्कशॉप शोधले. तेथे जुने ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला येतात. मोठे नाव नाही, कँटीन नाही, पंधरा-वीस माणसे. शनिवारी कॉलेजच्या शिक्षकांनी नव्या नावाचे पत्र करून दिले, त्यासाठी ते सुट्टी असून आले. २५ मे रोजी, रविवारी, आम्ही दिवसाच्या एस.टी.ने निघालो. २०२५ साली पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला, हे आपल्याला आठवत असेल. घाटात धो-धो पाऊस, पुढचे दिसत नाही. संध्याकाळी सातला पोचायची गाडी रात्री साडेनऊला स्वारगेटला लागली. गणिताचे शिक्षक छत्री घेऊन तेथे उभे होते.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९६७ च्या मेमध्ये मॅट्रिकची परीक्षा देऊन, निकाल लागेपर्यंत, मी मुंबईस एका छापखान्यात काम शिकायला गेलो. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आठ-दहा दिवस होते. वडील बंदरापर्यंत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जा. अल्लाहच्या हवाली.” बस्स. त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तर गावचा एक माणूस माझे नाव पुकारीत होता. तो मला डोंगरीला आमच्या गावाच्या खोलीवर घेऊन गेला. त्या खोल्या आता किती लोकांना आठवतात? जहाजावर गेलेल्या खलाशाचा खाट रिकामा असे, तो नव्या पोराला मिळे. भिंतीवर नियमांचा कागद, कोपऱ्यात ट्रंका एकावर एक. मला वाटले, वाहवा, काय अल्लाहची कृपा! पुढे वीस वर्षांनी, वडील वारल्यावर, त्या खोलीचे जुने कारभारी पुरश्याला आले तेव्हा मला समजले की, वडिलांनी एप्रिलपासून त्यांना तीन पोस्टकार्डे लिहिली होती, माझे महिन्याचे खाणे-राहणे आगाऊ भरले होते, आणि त्यासाठी एक आंब्याचे झाड व्यापाऱ्याला देऊन टाकले होते. मला त्यांनी फक्त दुआ ऐकवली. मी आयुष्यभर त्यांची दुआच तेवढी पाठ केली, पोस्टकार्डे मला माहीतच नव्हती.

असो. नातीचे काम सुरू झाले. रोज रात्री फोनवर ती मला शिकवू लागली आणि मी शिकू लागलो! ट्रान्सफॉर्मरच्या श्वसनयंत्रात सिलिका जेल असते, ते कोरडे असता निळे आणि ओल धरली की गुलाबी होते. मी हे पुस्तकातून शिकवले होते, हाताने कधी पाहिले नव्हते. तेलाची तपासणी कशी करतात, दोन इलेक्ट्रोडमध्ये अडीच मिलिमीटरचे अंतर ठेवून ठिणगी पडेपर्यंत दाब कसा वाढवतात. मेगरने वाइंडिंगचे इन्सुलेशन कसे मोजतात. ती म्हणाली, “दादा, मोठ्या कारखान्यात मला लांबून बघायला मिळाले असते. इथे माणसे कमी, म्हणून काम मलाच करायला देतात.” चाकणचा नकार आला तेव्हा आम्ही जे रडलो त्याचा हिशेब मी मनात केला, पण बोललो नाही.

७ जूनला बकरी ईद आली. तिने आठ दिवस आधी रजेचा अर्ज दिला होता. तिची ही घराबाहेरची पहिली ईद. तिची दादी सांदणे करीत होती, ती भांडे चुलीवर ठेवून गप्प उभी राहिली आणि कोणाशी बोलेना. पुण्यात ती ज्या बाईंकडे राहत होती त्या निवृत्त शिक्षिका, शाकाहारी. त्यांनी तिला सकाळी शेवयांची खीर करून दिली, आणि वर्गमैत्रिणीच्या खालाकडे दिवसभरासाठी स्वतः रिक्षाने सोडून आल्या.

आता सांगतो ते १५ जूनचे. रविवार होता. दुपारनंतर टीव्हीवर बातमी आली की, तळेगावाजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला, पर्यटक नदीत पडले. त्या दुर्घटनेत चार जण दगावले. सुट्टीचा दिवस, पावसाळी हवा, आणि आदल्याच रात्री नात म्हणाली होती की मैत्रिणी कोठे तरी जायचे म्हणत आहेत. मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. बाईंचा फोन बंद. गणिताच्या शिक्षकांना लावला, ते तसेच पायजम्यावर स्कूटर घेऊन निघाले. कुवेतहून मुलाचा फोन, “अब्बा, ती कुठे आहे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. सून दाराच्या चौकटीला धरून उभी.

मित्रहो, ह्या पावणेदोन तासांत मी काय केले ते लपवीत नाही. मी स्वतःला आणि इतरांना दोष देत घरभर फिरलो. पाठवलीच कशाला, मी नाही म्हणायला हवे होते, हे सगळे बोललो. सुनेला नको ते बोललो. शेवटी तिची दादी म्हणाली, “करायचे ते झाले ना? फोन केले, माणूस पाठवला. आता वजू करा.” मी वजू केली, मुसल्ल्यावर उभा राहिलो, आणि सूरे युसूफ मनात आली. हजरत याकूब (अलै.) मुलांना मिस्रला धाडताना सांगतात की, सगळे एका दरवाजाने शिरू नका, वेगवेगळ्या दरवाजांनी शिरा, आणि त्याच दमात म्हणतात की, अल्लाहच्या मर्जीपुढे माझी ही युक्ती काही कामाची नाही, माझा भरोसा त्याच्यावर. एक मुलगा आधीच हरवलेल्या बापाचे हे बोलणे आहे. मी ही सूरा किती वेळा पढलो असेन! त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या बापाचा चेहरा दिसला. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत माझे काम मी अल्लाहवर टाकले होते, आणि त्या संध्याकाळी अल्लाहचे काम माझ्याकडून सोडवत नव्हते.

पावणेसहाला फोन आला. ती आणि तिची मैत्रीण कपडे धुऊन झोपल्या होत्या. फोन खालच्या मजल्यावर चार्जिंगला. बाई देवळात गेल्या होत्या. ती म्हणाली, “दादा, काय झाले? सर दारात उभे आहेत आणि त्यांना बोलता येत नाही.”

त्या रात्री सून म्हणाली, तिला परत आणा. मुलगाही तेच म्हणाला. तीन आठवडे राहिले होते. मी म्हणालो, तिलाच विचारू. ती म्हणाली, राहीन, पण रोज दोनदा फोन करीन आणि बाहेर जायचे असेल तर आधी सांगेन. ५ जुलैस तिचे काम संपले, मी आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी आशूरा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. मी आणि नात रोजेदार, गणिताचे शिक्षक आणि बाई उपवासाच्या, तेव्हा निरोपाचे जेवण राहूनच गेले. बाईंनी राजगिऱ्याचे लाडू बांधून दिले ते आम्ही मगरिबनंतर गाडीत खाल्ले.

आता संस्थेकडे मागणे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) रिकाम्या हाताने मदिनेस आले, तेव्हा साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता पुढे केली. त्यांनी दुआ दिली आणि म्हटले, मला बाजाराचा रस्ता दाखवा. पनीर आणि तुपापासून त्यांनी सुरुवात केली. आमची मुलेदेखील अर्धी मालमत्ता मागत नाहीत. त्यांना रस्ता दाखवणारा हवा. ह्या शाळेचे जुने विद्यार्थी पुण्यात, मुंबईत, नाशिकला आहेत. कोणी कारखान्यात आहे, कोणाची एक खोली रिकामी आहे. पण कोण कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आमच्या बापजाद्यांनी, ज्यांना धड सही करता येत नव्हती, मुंबईत गावाच्या खोल्या उभ्या केल्या. आपण पदव्या घेतल्या आणि पोरांना ‘अल्लाह मालिक’ सांगून एस.टी.त बसवतो.

म्हणून मी एक वही केली आहे. ती आज सोबत आणली आहे, टेबलावर ठेवतो. त्यात पहिली तीन नावे आहेत : पुण्याचे गणिताचे शिक्षक, त्या बाई, आणि भोसरीच्या वर्कशॉपचे मालक. तिघांनीही पुढील उन्हाळ्यासाठी होकार दिला आहे. येथे बसलेल्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी आपले नाव, गाव, धंदा आणि फोन तीत लिहावा. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी जागाही लिहावी. वही माझ्या घरी राहील. नात तिची नक्कल संगणकावर करणार आहे.

आणि मुला-मुलींनो, आता डिसेंबर चालू आहे. ज्यांना मेमध्ये जायचे आहे त्यांनी ह्याच आठवड्यात माझ्याकडे यावे. असरनंतर मी घरी असतो. येताना कोरी पोस्टकार्डे नकोत, पण अर्जाचा मसुदा घेऊन या. मराठीत असला तरी चालेल, इंग्रजी आपण मिळून करू.

वस्सलाम.